मोहरी मिळते तेव्हा

किसा गोतमीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती तथागतांकडे आली आणि औषध मागू लागली. ते म्हणाले, ज्या घरात कधी कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी घेऊन ये. ती दारोदार फिरली. मोहरी सगळ्यांकडे होती, पण मरण न पाहिलेलं घर एकही नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिला कळायचं ते कळलं.

माझ्या लेकीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्याचं समजलं त्या वर्षी ही गोष्ट मला निदान दहा जणांनी सांगितली. विहारात सांगितली, ऑफिसात सांगितली, एकदा तर मेडिकल चौकातल्या चहाच्या टपरीवर सांगितली. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण गोतमीचं लेकरू मेलेलं होतं, माझं जिवंत आहे. जिवंत आणि जन्मभराच्या आजारी लेकरासाठी मी मोहरी मागत निघालो तर मला ती मिळते. उत्तर नागपुरातल्या आमच्या गल्लीत पहिल्याच घरी मिळते, आणि पुढच्या पाच घरी. पोराच्या हाडांत रात्री दोन वाजता सुरी फिरत नाही अशी घरं भरपूर आहेत. मरण सगळ्यांच्या वाट्याला येतं. हे दुखणं तसं वाटलेलं नाही. मोहरीने भरलेली मूठ घेऊन घरी परत आलेल्या बापाने पुढे काय करायचं, ते गोष्टीत सांगितलेलं नाही.

त्या मुठीत जे असतं त्याला हेवा म्हणतात. आजारी मुलांचे आईबाप तो चोरीच्या मालासारखा लपवतात, आणि नातेवाईक, दवाखाना, सरकार या सगळ्यांची मांडणीच अशी आहे की तो लपलेला राहावा. याची किंमत शेवटी मूल मोजतं, असं माझं म्हणणं आहे. हे खरं तर माझ्या बायकोने लिहायला हवं होतं. तिला वेळ नाही.

आजाराबद्दल थोडं. विदर्भात घरोघरी माहीत असलेला, आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावा लागणारा हा आजार. आईबापाकडून एकेक सदोष जनुक आलं की मूल ‘एसएस’. एकच आलं तर ‘एएस’, म्हणजे वाहक, ज्याला सहसा काही होत नाही. आम्ही दोघेही एएस, आणि लग्नाआधी दोघांनाही पत्ता नव्हता. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, एसएस मुलाची दहा-वीस दिवसांत फुटते. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला, दम लागला की या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. आमच्याकडे याला ‘दुखणं उठलं’ म्हणतात. नागपूरची हवा या आजाराच्या सोयीची आहे. मे महिन्यात पारा ४५-४६ वर, अंगातलं पाणी आटतं. आणि २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्या आठवड्यात शहरातले लोक स्वेटर घालून शेकोटीजवळचे फोटो टाकत होते. आम्ही वॉर्डात होतो.

निदानही उशिरा झालं. अकराव्या महिन्यात तिचे तळहात आणि पावलं सुजली, तेव्हा एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं की काहीतरी चावलं असेल. जन्माच्या वेळचं हिमोग्लोबिन सहा महिन्यांनी ओसरतं आणि या आजाराची पहिली खूण बहुतेकदा हातापायांवरच दिसते, हे आम्हाला नंतर कळलं. त्या काही आठवड्यांत मी तिच्यासाठी मच्छरदाणी आणली होती. ती अजून माळ्यावर आहे.

आता हेव्याकडे येतो. लोकांना वाटतं, आम्हाला दुसऱ्यांच्या मुलांच्या टक्केवारीचा, मेडलांचा, पुण्यात मिळालेल्या नोकऱ्यांचा हेवा वाटत असेल. तसा वाटत नाही. माझा हेवा फार क्षुल्लक गोष्टींवर जातो. मृगाचा पहिला पाऊस पडतो, गल्लीतली पोरं ओलीचिंब होऊन ओरडत असतात, आणि माझी लेक खिडकीत उभी असते. तेव्हा मला त्या ओल्या शर्टांचा हेवा वाटतो. अंबाझरीला सहलीला जाऊन गुडघा सोलून आलेल्या पोराच्या गुडघ्याचा वाटतो. एकदा शेजारच्या ताईंनी अभ्यास केला नाही म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घातला. मला त्या धपाट्याचा हेवा वाटला. इतकं साधं रागावणं आमच्या घरातून केव्हाच गेलं आहे. लेक चिडली, हट्टाला पेटली, पुस्तक फेकलं, तर आम्ही आधी कपाळाला हात लावून ताप पाहतो. ती एकदा म्हणाली, ‘मला नुसता राग आला आहे, ताप नाही आला.’

मराठीत हेवा आणि मत्सर हे वेगळे शब्द आहेत. हेवा म्हणतो, तुझ्याकडे आहे ते मलाही हवं. मत्सर म्हणतो, तुझं जावं. मला पहिलाच वाटतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. एका डिसेंबरात, लेक सलाईनवर असताना, एका मित्राने मुलाच्या मॅरेथॉनचा फोटो पाठवला आणि माझ्या मनात त्या मुलाच्या पायाबद्दल जे आलं ते मी इथे लिहीत नाही. एका क्षणाचं होतं ते. पण त्या क्षणानंतर तीन महिने मी त्या मित्राचा फोन उचलला नाही. त्याला वाटलं मी कामात आहे.

विहारातल्या एका वडीलधाऱ्या उपासकांना मी हे एकदा सांगितलं. त्यांनी मला मुदिता समजावली. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चौघांतली तिसरी. दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणं. मला मुदिता मान्य आहे. पण ओपीडीच्या रांगेत सकाळी सातपासून उभ्या असलेल्या माणसाला ती सांगायची असेल तर आधी त्याला बसायला बाकडं द्यावं.

हेव्याबद्दल बोलता न येण्याचं आमच्याकडे आणखी एक कारण आहे. आमच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. नवस नाही, अंगारा नाही, गंडा नाही. पण आपण मानत नाही म्हणून शेजार मानायचं थांबत नाही. ज्या बाईचं लेकरू आजारी, तिची दृष्ट लागते असं मानणारे लोक शिकलेल्या वस्तीतही आहेत. शेजारच्या सुनेच्या डोहाळजेवणाला माझ्या बायकोला निरोप आला तो असा: ‘तुम्ही नंतर या, जेवायला.’ ओटी भरून झाल्यावर. बाळ झाल्यावर ही त्याला बघायला गेली आणि ‘किती गुटगुटीत आहे’ म्हणाली. कुणीही म्हणतं तसं. सासूने लगेच बाळाच्या तोंडावरून पदर ओढला. त्या रात्री भिंतीपलीकडून मिरच्या जळाल्याचा ठसका आला. मीठ, मोहरी, मिरच्या. तिथेही मोहरीच.

म्हणजे आमचा हेवा आम्ही बोलण्याआधीच लोकांनी आमच्या नावावर मांडून ठेवलेला असतो. अशा वेळी आई काय करते? ती दुसऱ्यांच्या मुलांचं कौतुक करणं सोडून देते. मग बारशाला जाणं सोडते, मग वाढदिवसांना. लोक म्हणतात, ‘माणसात मिसळत नाही आजकाल.’ आणि आजारी मुलीला आधीच थोडे असलेले मित्र आणखी थोडे होतात, कारण पोरांची मैत्री आयांच्या येण्याजाण्यावर चालते. मूल किंमत मोजतं म्हणालो ते हे.

याच्या उलट बाजूला कौतुक आहे आणि ते अधिक घातक आहे असं मला वाटतं. ‘तुम्ही म्हणून करता’, ‘देव अशी मुलं निवडक आईबापांनाच देतो’ (देवाचा विषय आमच्याकडे निघत नाही, तरी लोक देतातच), ‘किती शूर आहात वहिनी’. बायको एकदा म्हणाली, ‘शूर नका म्हणू मला. शूर म्हटलं की मग रजा मिळत नाही.’ ती एका खासगी शाळेत शिकवत होती. लेक सहा वर्षांची असताना तिने ती नोकरी सोडली. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या स्त्रीला बालसंगोपनासाठी पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा आहे. माझ्या बायकोला त्यातला एकही दिवस नव्हता, आणि ओपीडीत आमच्या पुढे उभी असते ती भंडाऱ्याकडची, विटाभट्टीवरची बाई, तिला तर रोजी बुडवूनच यावं लागतं. तिने एकदा माझ्या लेकीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘तुमची पोरगी चालते तरी. माह्या पोराचा उजवा हात गेला.’ या आजारात लहान मुलांनाही पक्षाघाताचा झटका येतो. तो पोरगा आठ वर्षांचा होता आणि डाव्या हाताने चॉकलेटचा कागद उघडत होता.

हा प्रसंग मी सांगितला की ऐकणारे समाधानाने मान हलवतात: बघा, तुमच्यापेक्षाही कठीण परिस्थितीत लोक आहेत. मला यातून समाधान कसं मिळायचं ते समजत नाही. तिच्या मुलाच्या हातामुळे माझ्या लेकीची हाडं कमी दुखत नाहीत. तिने मला तिचा हेवा तोंडावर सांगितला, एवढंच मला त्यातलं मोलाचं वाटतं. त्या दिवशी आम्ही दोघं तासभर बोललो, आणि दोन्ही घरांतल्या आयांनी आता एकमेकींचे नंबर घेतले आहेत.

१९६२ मध्ये सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी समाजकार्यकर्त्याने बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबद्दल लिहिताना एक शब्द वापरला. आपण त्याला ‘जुनाट शोक’ म्हणू. त्याचं म्हणणं होतं की या पालकांचं दुःख हा मानसिक आजार नव्हे, मुलाच्या अवस्थेला दिलेला तो स्वाभाविक प्रतिसाद आहे, आणि तज्ज्ञ मंडळी ‘आता स्वीकारा’ म्हणून मागे लागतात त्याने ते आणखी अवघड होतं. मी यात भर घालतो ती आपल्याकडची. आपण शोकाला दिवस मोजून देतो. माणूस गेला की लोक येतात, जेवण आणतात, ठरावीक दिवशी पुण्यानुमोदन होतं आणि मग हळूहळू माणूस कामाला लागतो. जिवंत लेकराच्या शोकाला असा दिवस नाही. शाळेचं ॲडमिशन झालं, सहल आली, मैत्रिणी स्विमिंगला लागल्या, वयात आली, प्रत्येक वळणावर तो नव्याने येतो, आणि प्रत्येक वेळी आपण म्हणतो, ‘अजून तेच का?’

आता सरकार. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं लक्ष्य आहे. मी या मोहिमेच्या विरोधात नाही. वस्तीतल्या लग्नाच्या वयाच्या प्रत्येक पोराला मी पकडून तपासणीला पाठवतो. आमच्याकडेही तपासणीची कार्डं आहेत, लेकीचं लाल, आम्हा दोघांची पिवळी. दोन एएस माणसांच्या प्रत्येक गरोदरपणात एसएस मुलाची शक्यता चारात एक असते, प्रत्येक वेळी नव्याने, आणि हे आम्हाला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं का, या प्रश्नापाशी मी रोज येतो आणि परत फिरतो. कारण ‘बरं झालं असतं’ म्हटलं की खिडकीत उभी असलेली ही मुलगी पुसली जाते.

दुसऱ्या वेळी आम्ही गर्भाची तपासणी केली. रिपोर्ट ‘एए’ आला, म्हणजे दोन्ही जनुकं निरोगी. आम्ही दोघंही रडलो, आनंदाने. लेक तेव्हा चार वर्षांची होती, शेजारच्या खुर्चीवर बाहुलीला सलाईन लावत बसली होती. तिच्यासारखं दुसरं झालं नाही म्हणून आम्ही रडत होतो, आणि ती विचारत होती, ‘काय झालं?’ त्या आनंदाची मला अजून लाज वाटते. तरी तो निर्णय मी पुन्हा घेईन.

ओपीडीच्या भिंतीवरचं पोस्टर मी वाचतो तेव्हा मला तीच खुर्ची आठवते. ‘एएस असलेल्यांनी एएसशी लग्न टाळा’, ‘सिकलसेलमुक्त पिढी घडवू या’. माहिती म्हणून खरी आहे. पण ते पोस्टर ज्या भिंतीवर आहे तिच्याखाली बाकावर एसएस मुलं बसलेली असतात, आणि त्यांना वाचता येतं. मोहिमेचं तोंड अजून न जन्मलेल्या मुलांकडे आहे, आणि जन्मलेल्यांच्या वाट्याला येतं ते कार्ड. आम्हाला आजवर मिळालेलं ‘समुपदेशन’ म्हणजे लग्न कुणाशी करू नये, पुढच्या मुलाची तपासणी कधी करावी, आणि गोळी वेळेवर घ्या. हायड्रॉक्सीयुरियाच्या त्या गोळीने लेकीचं दुखणं खरंच कमी झालं, हे मी मान्य करतो, आणि ज्या महिन्यात ती गोळी औषधांच्या खिडकीवर ‘संपली’ असते तो महिना आम्ही कसा काढतो तेही आम्हालाच माहीत आहे. पण दहा वर्षांत त्या टेबलापलीकडच्या एकाही माणसाने माझ्या बायकोला ‘तुम्ही झोपता का?’ असं विचारलेलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारीतून मारबत निघते, रोगराई सोबत नेते म्हणून मिरवून मग जाळायचा पुतळा. ऑफिसातल्या एकाच्या गच्चीवरून आम्ही ती एकदा पाहिली. खाली अख्खा रस्ता ओरडत होता, ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ माझ्या खांद्यावर बसून सगळ्यात मोठ्याने ओरडत होती माझी पाच वर्षांची लेक. रोगराई न्या म्हणताना रोगी कुठे उभा आहे हे पाहायची सवय आपल्याला नाही. निर्मूलन हा शब्द मला तेव्हापासून सरळ वाचता येत नाही.

याला जातीची बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. हे जनुक मलेरियाच्या मुलखात टिकलं, कारण त्याची एकच प्रत असलेला माणूस जीवघेण्या मलेरियातून वाचण्याची शक्यता अधिक असते. माझ्या पणज्याला बहुधा त्यानेच वाचवलं असेल. विदर्भात ते आदिवासींत, आम्हा बौद्धांत आणि इतर काही समाजांतही आहे. पण शहराच्या बोलण्यात तो ‘त्यांचा’ आजार आहे. एका शिक्षिकेने माझ्या लेकीला सहानुभूतीनेच म्हटलं होतं, ‘तुमच्यात असतंच ना हे.’ ज्याचं दुःख आधीच जमातीच्या खात्यावर टाकलं गेलं, त्याने ते स्वतःचं म्हणून कसं मांडायचं?

कायदा यात अर्ध्यापर्यंत येऊन थांबला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना घेतलं. मात्र त्याच कायद्यातल्या नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे हे आजार नाहीत. थंडीत महिन्यातले सहा दिवस अंथरुणावर जाणारी मुलगी उद्या कुठे टिकेल, याची चिंता तिच्या बापाने एकट्याने करायची. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी जनुकात बदल करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली, बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी, किंमत २२ लाख डॉलर. मला ती बातमी एका दिवसात चौदा जणांनी पाठवली, ‘आता इलाज निघाला’ म्हणून. वयाच्या अटीत माझी लेक आता बसते.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. आईबापाने हेवा, शोक उघड बोलायला सुरुवात केली तर मुलाला वाटेल, मी यांच्यावर ओझं आहे. मुलाच्या मनाचा विचार करून तरी गप्प बसावं. मीही अनेक वर्षं हेच मानत होतो. पण मुलं आपल्या नजरेच्या मागे जातात. मी खिडकीतून ओल्या पोरांकडे पाहतो तेव्हा ती माझ्याकडे पाहत असते. गप्प बसल्याने तिला एवढंच कळतं की घरात असं काहीतरी आहे जे तिच्याबद्दल आहे आणि जे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. यातलं ओझं मला अधिक वाटतं. मुलासमोर सगळं ओकावं असं मी म्हणत नाही. म्हणूनच मोठ्यांना बोलायला दुसरी जागा हवी, आणि ती दवाखान्यातच हवी, कारण आमचं जाणंयेणं तिथेच आहे. जनुकांचं गणित समजावणाऱ्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल, महिन्यातून एका ओपीडीला तासभर रिकामी खोली, आणि दुखण्याने ओरडणाऱ्या पोराला ‘नाटक करते’ न म्हणणारा एक माणूस. २०४७ च्या आधी होण्यासारखं आहे हे.

मागच्या थंडीत दुखणं उठलं होतं. रात्री तिच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावून मी बसलो होतो. पोटरीवरून हात फिरवत होतो, बोलत काही नव्हतो. ती तेरा वर्षांची आहे आणि शाळेत जनुकं शिकली आहे. तिने विचारलं, ‘बाबा, तुमच्यात अर्धंच आहे ना? म्हणजे एकच?’

मी म्हटलं, हो.

‘आणि तुम्हाला कधीच काही नाही झालं.’

‘नाही.’

ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मग म्हणाली, ‘मला तुमचा हेवा वाटतो.’

इतकी वर्षं मी गल्लीतल्या घरांचे हेवे मोजत होतो. त्यातलं एक घर माझंच अंग असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, ‘वाटू दे.’ मग पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, कारण दर तासाला प्यायचं असतं, आणि तिने तोंड वाकडं करून अर्धी संपवली.